कोपऱ्यावरचे इराणी हॉटेल

यंदा वर्गणीच्या फेरीत एक लहानसा प्रसंग घडला. एका नव्या कार्यकर्त्याला आम्ही फोनवर पत्ता सांगितला, "मोठ्या रस्त्याने सरळ ये आणि हॉटेलाच्या कोपऱ्यावर आत वळ." तो मुलगा दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. शेवटी म्हणाला, "काका, इथे हॉटेलच नाही. एक मोबाइलचे दुकान आहे आणि एक औषधांचे." तेव्हा आमच्या ध्यानात आले, की ज्या हॉटेलाच्या खुणेवर आपल्या गल्लीतली घरे दोन पिढ्या पत्ता सांगत आली, ते बंद होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. आम्ही मात्र अजून त्याच खुणेने पाहुण्यांना वळवत असतो.

हॉटेल गेले, पण इमारत आहे. मोबाइलच्या दुकानाच्या झगमगत्या पाटीवरून नजर वर नेली, की कोपरा तिरपा छाटलेली जुनी भिंत दिसते. दोन्ही रस्त्यांकडे उघडणाऱ्या दारांच्या कमानी दिसतात, त्यांतली रंगीत काच एखाद्या ठिकाणी अजून टिकून आहे. जाणकाराला पाटी वाचावी लागत नाही. "इथे इराण्याचे हॉटेल होते," हे तो इमारतीवरूनच ओळखतो. अशा इमारतींबद्दल, त्या तशा का बांधल्या गेल्या याबद्दल आणि त्यांत आपल्या वडीलधाऱ्यांचे काय घडले याबद्दल चार गोष्टी यंदाच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवाव्यात, म्हणून हा लेख.

इराणी आले कुठून?

हैदराबादेत 'हॉटेल' म्हटले की उतरण्याची जागा डोळ्यांपुढे येत नाही, चहाची जागा येते. आपल्या घरांतही तोच अर्थ रूढ आहे. 'हॉटेलात बसला असेल' असे आई म्हणाली, तर तो कुठे आणि कशापुढे बसला असेल हे सगळ्यांना कळत असे.

हे हॉटेलवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इराणातून हिंदुस्थानात आले. यझद आणि केरमान या कोरड्या मुलखातली दुष्काळाने आणि गरिबीने गांजलेली माणसे आधी मुंबईला उतरली. त्यांत झरथुष्ट्री होते, तसे मुसलमानही होते. झरथुष्ट्री मंडळी मुख्यतः मुंबई-पुण्यात स्थिरावली. धोबीतलावच्या जेर महालातले कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे आणि पुण्याचे गुडलक १९३५ चे. गुडलकने तर आपले नाव अख्ख्या चौकाला दिले. हैदराबादेत आले ते बहुतांशी शिया मुसलमान. त्यांच्यातले अनेक जण मुंबई-पुण्यात काही वर्षे काढून, धंदा शिकून मग इकडे वळले.

हैदराबादला इराणी माणूस परका नव्हता. १५९१ साली वसलेल्या या शहराच्या आखणीचे श्रेयच मुळी इराणातून आलेल्या मीर मोमिन यांना दिले जाते. निजामाच्या दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसीत कारभार चाले. त्यामुळे यझदहून आलेल्या माणसाला इथली भाषा, मोहरम आणि खाणेपिणे ओळखीचे वाटले असणार. आबिद रोडचे ग्रँड हॉटेल १९३५ चे. तिथलेच ओरिएंट हॉटेल लेखक-कवींच्या बैठकीसाठी गाजले. सिकंदराबादचे पॅराडाइज १९५३ साली त्या नावाच्या सिनेमागृहाला लागून एक छोटे कॅफे म्हणून सुरू झाले. आज सिनेमागृह नाही, पण त्या चौकाला आणि मेट्रोच्या स्थानकाला पॅराडाइज हेच नाव आहे. खाण्याच्या जागेवरून पत्ता सांगण्याची खोड केवळ आम्हा मलकपेठकरांची नाही, असे यावरून म्हणता येईल.

इमारत कशी होती?

आता डोळे मिटून त्या हॉटेलात शिरून पाहू. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सावकाश सांगतो.

इमारत दोन रस्त्यांच्या मिळणीवर. तिचा टोकाचा कोन सरळ न ठेवता तिरपा छाटलेला, म्हणजे चौकाला सामोरी अशी एक अरुंद तिसरी भिंत तयार होई. या छाटलेल्या बाजूलाही दार, आणि दोन्ही रस्त्यांच्या बाजूंनाही दारे. सागवानी घड्यांची ही दारे पहाटे उघडली की रात्रीपर्यंत मिटत नसत. त्यामुळे आत बसलेला माणूस अर्धा रस्त्यावरच असे. छत खूप उंच. लोखंडी तुळया आणि त्यांच्या मधून विटांच्या उथळ कमानी, किंवा तुळयांवर टाकलेल्या दगडी लाद्या. खाली शहाबादी फरशी. शहाबाद निजामाच्याच राज्यातले, गुलबर्गा जिल्ह्यातले. तेव्हा ही फरशी इथे स्वस्त, आणि पाण्याने धुवायला सोपी. उंच छतामुळे भट्टीची धग आणि सिगारेटचा धूर वर चढून वरच्या झडपांतून निघून जाई. लांब दांडीचे पंखे डोक्यावर सावकाश फिरत.

गल्ला कुठे असे, हे आम्हाला आता सर्वात महत्त्वाचे वाटते. तो छाटलेल्या कोपऱ्याच्या जवळ, सगळ्या दारांकडे एकाच वेळी पाहता येईल असा मांडलेला असे. मालक उंच खुर्चीवर. पुढे काचेच्या बरण्यांत उस्मानिया बिस्किटे, खारी, फाईन बिस्किटे. चारी भिंतींवर मोठमोठे आरसे. लहानपणी आम्हाला वाटे की आरसे शोभेला आहेत. ती शोभा होतीच, शिवाय लहान जागा दुप्पट दिसे आणि दिवसाचा उजेड आतपर्यंत पोचे. पण आणखी एक उपयोग होता. मालकाला मान न वळवता पाठीमागचे टेबल दिसे. दोन चहा पिऊन एकाचे पैसे देणाऱ्याची चोरी आरशात पकडली जाई.

टेबलांवर पांढरा संगमरवर. त्यावर कापड नाही. ओले फडके एकदा फिरवले की टेबल पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. खुर्च्या काळ्या, वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या. या खुर्चीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. मिखाएल थोनेट या कारागिराने लाकूड वाफवून वाकवण्याची रीत काढली आणि १८५९ साली त्याच्या व्हिएन्नाच्या कंपनीने चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात ती खुर्ची पुरी होई. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती आगबोटीने जगभर गेली. व्हिएन्नाच्या कॉफीघरांत ज्या घाटाच्या खुर्चीवर बसून लोक वर्तमानपत्र वाचत, त्याच घाटाच्या खुर्चीवर बसून आमच्या आजोबांनी बशीत चहा ओतला.

मागच्या भिंतीला हात धुण्याचे भांडे, त्यावर आणखी एक आरसा. एका बाजूला लाकडी आडोशांच्या, पडदे लावलेल्या खोल्या, त्यांवर 'फॅमिली रूम' अशी पाटी. आणि भट्टी बहुधा रस्त्याच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. तिथे तांब्याच्या भांड्यात चहाचे पाणी झाकण घट्ट लावून दमावर ठेवलेले, आणि शेजारी दूध वेगळे आटत असलेले. गिऱ्हाईक आले की कपात आधी दूध, वर चहाचा अर्क. मागणी दिल्यापासून कप टेबलावर येईपर्यंत मिनिटही लागत नसे. बिस्किटे बरणीत, समोसे आणि लुकमी परातीत तयारच. उठून गल्ल्याकडे निघाले की वेटर लांबूनच ओरडे, "दो चाय, चार बिस्कुट!" बिलाचा कागद नाही, वाट पाहणे नाही. चालता चालता पैसे द्यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे.

आज ज्याला आपली नातवंडे 'फास्ट फूड' म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे? पदार्थ आधीच तयार ठेवायचा, दर ठरलेला, बसायला जागा साधी आणि धुवायला सोपी, येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची वाट वेगळी. सगळी इमारतच या एका हिशेबाने मांडलेली होती. फरक एवढाच, की इथे एका चहावर दोन तास बसलेल्या माणसाला सहसा कोणी उठवत नसे.

कोपरा खरोखर अशुभ होता का?

इराण्याचे हॉटेल नेहमी कोपऱ्यावरच का, याची एक गोष्ट मुंबईत सांगतात, पुण्यात सांगतात आणि इथेही सांगतात. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, ती कोणी घेत नसे, म्हणून इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, अशी ती गोष्ट. आम्हीही ती पाहुण्यांना अनेकदा रंगवून सांगितली आहे. या लेखाच्या निमित्ताने विचार करू लागलो, तेव्हा ती पुरेशी वाटेना.

पहिली शंका आपल्याच वास्तुशास्त्रातून येते. पुढे निमुळती आणि मागे रुंद ती गोमुखी जागा राहण्याला चांगली, आणि पुढे रुंद ती व्याघ्रमुखी जागा दुकानाला चांगली, असे आपल्या घरांतले जुने लोक सांगत. दोन रस्त्यांना तोंड असलेली जागा दुकानदाराला तोट्याची कशी ठरेल? दुसरी शंका डोळ्यांसमोरची. आपल्या मलकपेठेत, सुलतान बाजारात, काचीगुड्यात कोपऱ्यांवर किराणा, सोने-चांदी आणि कापड विकणारी हिंदू दुकाने पूर्वीपासून आहेत. काही घराण्यांत कोपऱ्याचे वावडे असेलही. पण तेवढ्यावर शेकडो हॉटेले उभी राहतील, हे पटत नाही.

आम्हाला जे कारण दिसते ते शहराच्या इतिहासात आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि धरणांची आखणी झाली. १९१२ साली शहर सुधारणेसाठी एक खास मंडळ नेमले गेले. या सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्डाने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि रस्त्याच्या कडेने एकसारख्या कमानींची दुकाने बांधली. पथ्थरगट्टीच्या दगडी कमानी त्यांतल्याच. त्याच भागात पुढे मदीना बिल्डिंग उभी राहिली. तिचे भाडे मदिनेतल्या गरिबांसाठी पाठवत, म्हणून ते नाव. तिथले मदीना हॉटेल सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत असेच काम थोडे आधी, प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हाती घेतले होते.

जुन्या वस्तीतून नवा रस्ता काढला की प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक नवा कोपरा तयार होतो. जुन्या बाजारातली पेढी पिढ्यान् पिढ्या आपल्याच ओळीत असे. कापडवाला कापडवाल्यांत, सराफ सराफांत. त्याला ओळ सोडून नव्या कोपऱ्यावर येण्याचे कारण नव्हते. इराणी मात्र नवा आलेला. त्याला कोणत्याच ओळीत वडिलोपार्जित जागा नव्हती. त्याचा माल ओळखीवर खपणारा नव्हता, चालणाऱ्या माणसाच्या पावलांवर खपणारा होता. त्याला जेवढी जास्त दारे तेवढी बरी. नवे रस्ते आणि नवे लोक एकाच काळात आले आणि कोपऱ्यावर त्यांची गाठ पडली. कोपरा अशुभ होता यापेक्षा तो नवा होता, हे कारण आम्हाला अधिक खरे वाटते. तिरपा छाटलेला कोनही वळणावर समोरून येणारी बैलगाडी, टांगा किंवा मोटार दिसावी म्हणून सोयीचा होता. इराण्याने त्या तिरप्या भिंतीत दार बसवून तिचा धंद्यासाठी उपयोग करून घेतला.

दूरदेशीच्या इमारती

आपली जी मुले अमेरिकेत आहेत त्यांना एक गोष्ट तिकडे दिसत असेल. तिथेही खाण्याच्या जागा इमारतीवरून ओळखतात. १९२१ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी व्हाइट कॅसल नावाने पाच सेंटांत हॅम्बर्गर विकणारे दुकान निघाले. त्याला चक्क छोट्या पांढऱ्या किल्ल्याचा आकार दिला होता. तो शिकागोच्या पाण्याच्या बुरुजावरून घेतला होता. त्या काळात अमेरिकेत खिम्याच्या मांसाबद्दल लोकांच्या मनात धास्ती होती. म्हणून भिंती पांढऱ्या आणि भट्टी गिऱ्हाइकासमोर, म्हणजे स्वच्छता डोळ्यांना दिसावी. १९५३ साली मॅकडोनाल्डच्या दुकानांना दोन्ही बाजूंनी पिवळ्या कमानी आल्या. स्टॅन्ली मेस्टन या वास्तुकाराने त्या इमारतीचा भाग म्हणूनच काढल्या होत्या, पुढे त्यांचे अक्षर झाले. विचिटातच १९५८ साली निघालेल्या पिझ्झा हटला १९६९ च्या सुमारास लाल उतरत्या छपराची ओळख मिळाली. त्यांतली बरीच दुकाने आता बंद आहेत. त्या इमारतींत कोठे दवाखाना आला, कोठे बँक. तरी छप्पर पाहून लोक म्हणतातच, "हे पिझ्झा हट होते."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे घडले, तेच तिथेही घडले. तिकडची इमारत मोटारीतून भरधाव जाणाऱ्याला लांबून हाक मारी, म्हणून तिला किल्ला आणि कमानी लागल्या. इकडची इमारत पायी चालणाऱ्याला वाटेत गाठे, म्हणून तिला दारे लागली. पांढऱ्या भिंतीचे काम इथे पांढऱ्या संगमरवराने केले. दोन्हीकडे गिऱ्हाइकाचा विश्वास आधी इमारतीने मिळवला, पदार्थाने नंतर.

आपली माणसे त्या दारातून

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या इमारतीने आपल्या समाजात जे घडवले, ते आपल्या कोणत्याही स्मरणिकेत आजवर लिहिले गेलेले नाही.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळींनी चहा घेतला. त्यांत रानडे होते, टिळक होते. ती बातमी छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. परक्या हातचा एक कप चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्ताची गोष्ट निघाली. आपल्या थोरांची ही अवस्था, तर सामान्य घरांची काय असेल?

त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत मराठवाड्यातून आपली माणसे या शहरात येऊ लागली. मनमाडकडून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत येणारा मीटरगेजचा लोहमार्ग झाला, १९१६ साली काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा निघाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ आले. कोणी शिकायला आले, कोणी कचेरीत कारकून म्हणून, कोणी वकिलीला. काचीगुडा, सुलतान बाजार भरले तशी काही कुटुंबे चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेठेत आली. मलकपेठेत तेव्हा अस्मानगढ होता, १८८६ पासून घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते आणि मधे मोकळी जागा पुष्कळ होती. पुढे इथल्या गंजात महाराष्ट्रातला कांदा येऊ लागला आणि त्याच्याबरोबर आडत्यांची, हमालांची, गाडीवाल्यांची मराठी बोलीही आली.

ही माणसे घरातून निघताना सोवळे बरोबर घेऊन निघाली होती. एकेका बिऱ्हाडात आजीच्या चुलीजवळ शाळेचे कपडे घालून जाण्याची मनाई होती. रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या घागरी होत्या. आणि त्याच शहरात, गल्लीच्या तोंडाशी हे हॉटेल. चहा करणारा मुसलमान, वाढणारा कोणीही, शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे याची विचारपूस नाही. संगमरवराच्या टेबलाला शिवाशीव कळत नाही. एक फडके, एक कप, एक बशी, सगळ्यांना तीच.

आपल्या थोरल्या मंडळींनी आम्हाला जे सांगितले, त्यात एक तपशील अनेकांच्या बोलण्यात हसत हसत येई. मोठ्या रस्त्याच्या दाराने कोणी शिरत नसे. तिथून ओळखीचे लोक जात. गल्लीकडचे दार बरे पडे. आत शिरून आरशात पाहायचे, आपल्या आळीतले कोणी आहे का. असलाच तर तोही आरशातून आपल्याकडेच पाहत असे. मग दोघेही काही न बोलता एकाच टेबलावर बसत, आणि घरी दोघेही काही सांगत नसत. मालकाने उधारी पकडण्यासाठी लावलेल्या आरशाचा आपल्या वडिलांनी असा उपयोग केला. दोन दारांची इमारत नसती तर किती जणांना ते पहिले पाऊल टाकण्याचे धैर्य झाले असते, हा प्रश्न आम्हाला पडतो.

काही वर्षांनी गल्लीकडच्या दाराची गरज उरली नाही. पोरे मोठ्या दाराने जाऊ लागली. त्यानंतर केव्हातरी 'फॅमिली रूम'चा पडदा बाजूला सारून आपल्या आया-मावश्या आत गेल्या, बहुधा सिनेमा पाहून येताना. घराबाहेर, परक्याच्या हातचे, पैसे देऊन खाण्याची त्यांची ती पहिली वेळ होती. आज तो पडदा आणि ती पाटी आपल्याला जुनाट वाटते, स्त्रियांना कोंडणारी वाटते. ती तशी होतीही. पण ज्या दिवसांत स्त्रीला हॉटेलात जागाच नव्हती, त्या दिवसांत तिला आत घेणारी तीच एक लाकडी खोली होती, हेही सांगितले पाहिजे.

त्या टेबलांवर आपली भाषाही बसली. दखनीतला 'नक्को' हा आपल्याच 'नको'चा भाऊ. "और एक चाय?" "नक्को भाई." यात मराठी कुठे संपते आणि दखनी कुठे सुरू होते, हे कोणी सांगावे? १९४८ च्या सप्टेंबरआधीचे रझाकारांच्या धास्तीचे दिवस आपल्या अनेक घरांनी सोसले आहेत, ते विसरण्याचे कारण नाही. त्या दिवसांत या हॉटेलांतली टेबलेही ओस पडली होती, असे थोरले सांगत. पण लष्करी कारवाईनंतर पुन्हा समोरासमोर बसायचे कुठे, हा प्रश्न आला तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना हीच जागा ठाऊक होती. नुसत्या चहाने जखमा भरल्या असे आम्ही म्हणणार नाही. परत बसायला एक टेबल होते, एवढेच म्हणतो.

आता काय उरले?

हॉटेले बंद का पडली, याची कारणे साधी आहेत. कोपऱ्याची जागा महागली. एका चहावर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकावर ते भाडे निघेना. मालकांची मुले शिकून दुसऱ्या कामधंद्यांत किंवा परदेशी गेली. उभ्याने चहा पिण्याची रीत आली. आणि रस्ते पुन्हा रुंद झाले. मोटारी वाढल्या, तशा शहरभर जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती कापल्या गेल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये अमीरपेठ ते एल. बी. नगर ही मेट्रो सुरू झाली आणि मलकपेठ, न्यू मार्केट, मूसारामबाग अशी आपली स्थानके झाली. आम्ही रोज तिने जातो, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट मनात येते. शंभर वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला म्हणून हे कोपरे जन्मले. आता रस्ता रुंद होतो म्हणून ते जात आहेत.

वारसा म्हटला की लोक अस्मानगढकडे बोट दाखवतात, गंजातल्या महबूब मॅन्शनच्या पडक्या भिंतींबद्दल हळहळतात. ते योग्यच आहे. पण त्या राजवाड्यांत आपले आजोबा कधी गेले नाहीत. ते गेले ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात. आपल्या कुटुंबांनी शहराशी सोयरीक जोडली ती त्या संगमरवराच्या टेबलावर. त्या इमारतीची मात्र कुठे नोंद नाही, नकाशा नाही, धड छायाचित्रही नाही.

इमारती वाचवणे आपल्या मंडळाच्या हाती नाही, जागा आणि मालक दुसऱ्यांचे आहेत. नोंद ठेवणे मात्र हाती आहे. म्हणून या दहा दिवसांत आपण एक काम करावे, अशी विनंती आहे. मलकपेठ, चादरघाट, सैदाबाद, काचीगुडा या भागांत जिथे जिथे असे हॉटेल होते किंवा आहे, त्याची जागा ज्येष्ठांनी सांगावी. तरुणांनी तिथे जाऊन दारे मोजावीत, कोपऱ्याची, छताची, फरशीची छायाचित्रे काढावीत, चालू दुकानदाराला आधी विचारून. कोणाच्या घरी एखादी काळी गोल खुर्ची हॉटेलाच्या लिलावातून आली असेल, तर तीही कळवावी. जमेल तेवढे पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत नकाशासह छापू. आणि आरशातून एकमेकांना पाहून गप्प बसलेल्या त्या मंडळींपैकी जे आज आपल्यात आहेत, त्यांनी आता तरी बोलावे. घरी सांगायचे राहून गेले होते, ते इथे सांगावे. आता रागावणारे कोणी उरलेले नाही.

तो नवा कार्यकर्ता शेवटी आमच्या दारी पोचला. वर्गणीची पावती फाडून झाल्यावर आम्ही त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मोबाइलच्या दुकानाच्या पाटीच्या वरची रंगीत काच दाखवली. त्याने फोनमध्ये तिचे छायाचित्र घेतले आणि विचारले, "काका, दारे किती होती?" आम्ही तिघे होतो. एकाने तीन सांगितली, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने पाच. म्हणून मोजायला सुरुवात त्याच कोपऱ्यापासून करायची ठरली आहे.

गणपती बाप्पा मोरया!